चिचुंद्रीची वीत

एका डोंगरउतारावरच्या जंगलात, जुन्या ऐनाच्या झाडाच्या मुळांमध्ये, एक चिचुंद्री राहत असे. चिचुंद्री ती केवढी? तुमच्या मुठीत मावेल, फार तर शेपटी बाहेर राहील. डोळे मोहरीच्या दाण्याएवढे, नाक लांबुडकं आणि सारखं हलणारं, आणि अंगाला असा दर्प, की बाकीचे प्राणी वाऱ्याची दिशा बघून मगच तिच्याशी बोलायला उभे राहत. तिला त्याचं काही वाटत नसे. "माझा वास येतो म्हणून मला फारसं कुणी खात नाही," ती म्हणे. "तुम्ही चवदार दिसता, तुम्ही आपलं जपून राहा!"

तिचं घर तिच्यासारखंच. नारळाच्या करवंटीएवढी एक खोली, खाली सुक्या गवताची गादी आणि बाहेर पडायला एकच दार. त्या करवंटीत ती आणि तिची चार पिल्लं राहत. चिचुंद्रीची पिल्लं कशी चालतात, पाहिलंय कधी? पहिलं पिल्लू आईच्या शेपटीचं बूड तोंडात धरतं, दुसरं पहिल्याचं, तिसरं दुसऱ्याचं आणि चौथं तिसऱ्याचं. आई पुढं आणि मागं ही माळ. आई वळली की माळ वळते, आई एकदम थांबली की सगळी एकमेकांवर आपटतात आणि चीं चीं करून भांडतात.

मागच्या उन्हाळ्यात या जंगलाला वणवा लागला होता. पाचोळा पेटत पेटत आग उतारावरून वर चढली. ज्यांना पळता आलं ते वाचले. ज्यांच्या बिळाला एकच तोंड होतं, त्या तोंडाशीच आग येऊन बसली. आपली चिचुंद्री तेव्हा आईजवळ राहत होती. किडे वेचायला ओढ्यापलीकडं गेली होती, म्हणून ती तेवढी वाचली. परत आली तेव्हा दारात राख होती, आणि आई आणि भावंडं आत होती. बाहेर कुणीच आलं नाही. त्या दिवसापासून धुराचा नुसता वास आला तरी तिचं अंग लटलटा कापे.

वणव्यानंतर पाणवठ्यावर सभा भरली. सगळ्यांत वडीलधारा होता म्हातारा वानर. तो उठला आणि म्हणाला, "यापुढं कुणी मनाला येईल तसं घर बांधायचं नाही. घर लहान असो की मोठं, त्याला दारं दोन हवीत. प्रत्येक दार निदान," इथं त्यानं पंजा पसरून दाखवला, "निदान एक वीत रुंद हवं. आणि दोन्ही दारांपुढं दहा विती अंगण हवं. त्यात वाळलेलं पानसुद्धा चालायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. घरं तपासायचं काम साळिंदरकाकांकडं आलं. त्यांनी आपल्या पाठीचा एक गळालेला काटा वानराच्या पंजाला लावून पाहिला, तर तो बरोबर वीतभर भरला. झालं! तोच काटा तोंडात धरून काका दारोदार फिरू लागले. घर नियमात बसलं की दाराशी एक काटा रोवायचा. नाही बसलं, तर पळसाची फुलं गळायच्या आत दुरुस्त करून घ्यायचं. आणि तरीही नाही बसलं, तर माती लोटून घर बुजवून टाकायचं.

पळस ऐन भरात असताना काका ऐनाखाली आले. त्यांनी चिचुंद्रीच्या दाराला काटा आडवा लावला. काटा दोन्हीकडून बाहेरच राहिला. खरं सांगायचं तर सबंध घरच काट्याहून लहान होतं.

"दार अरुंद. दुसरं दार नाही. अंगणाचा पत्ता नाही," काका म्हणाले. "पोरी, राग धरू नकोस. वणवा विझल्यावर ही बिळं मीच उकरली. आत काय काय पाहिलं, ते मी कुणाला सांगत नाही. म्हणूनच कुणाला सवलत देत नाही."

"सवलत मागतंय कोण?" चिचुंद्री म्हणाली. "तुम्ही पळस गळायच्या आत या. तिन्ही गोष्टी करून ठेवते."

"आणि नाही झाल्या तर?"

"तर बुजवा घर. पण होतील."

बोलून गेली खरी. पण घर बुजवलं तर चार उघड्याबोडक्या पिल्लांना घेऊन जायचं कुठं? ऐनाच्याच फांदीवर घुबड बसे, आणि त्याला तिच्या वासाचं काही पडलेलं नव्हतं. मग तिनं नाक झटकलं आणि कामाला लागली.

पहिलं काम अंगणाचं. ऐनाचं पान तुम्ही पाहिलं असेल तर कळेल, तिच्यासाठी ते पान नव्हतं, सतरंजी होती. देठ दातांत धरायचा आणि उलट्या पावली ओढत न्यायचा. एक पान नेऊन टाकावं तोवर वरून दुसरं गळे. सकाळी लखलखीत केलेलं अंगण दुपारच्या वाऱ्यानं पुन्हा भरे. ती वर बघून ऐनाला म्हणे, "टाक बाबा, टाक. तुझी पानं संपतील, माझे दात नाही संपायचे." आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करी.

पलीकडच्या खडकात कोल्हा राहत असे. तो येऊन मजा बघत बसला. "चिचुंद्रीबाई, घर करवंटीएवढं आणि अंगण हत्तीला लोळायला! नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच."

"लोळायला या तुम्ही पण," ती पान ओढता ओढता म्हणाली.

कोल्हा जवळ सरकला, वास आला तसा पुन्हा दूर सरकला, आणि हळू आवाजात म्हणाला, "अगं, कशाला मरमर मरतेस? माझ्या घराला तरी कुठं आहे दुसरं दार? मागच्या खडकात एक फट आहे, तीच दाखवली. आत हातभर गेली की संपते. काकांनी काटा लावला, रुंदी भरली, काटा रोवून गेले. तूही तसंच कर. तुझ्या शेजारी घुशीचं बीळ आहे ना? तेच आपलं दुसरं दार म्हणून दाखव. कोण बघतोय आत शिरून?"

चिचुंद्रीनं तोंडातलं पान खाली ठेवलं. "कोल्होबा, काका फसतील. पण दार काकांना कुठं लागणार आहे? मला लागणार आहे. धूर आत आला की मी काय घुशीच्या बिळाकडं बोट दाखवत बसू?"

"बस मग पानं ओढत," कोल्हा म्हणाला आणि शेपटी उडवत निघून गेला.

दोन्ही बाजूंचं अंगण झालं, तशी ती दुसऱ्या दाराला भिडली. ऐनाची मुळं म्हणजे दगडासारखी. जिथं मूळ आडवं येई तिथं ती बाजूनं माती काढी, पुन्हा मूळ आलं की पुन्हा बाजूला. तिच्या पंजांची कातडी निघाली. पिल्लं विचारत, "आई, झालं?" ती म्हणे, "होतंय." अखेर एका दुपारी तिच्या नाकाला पलीकडच्या बाजूनं गार वारा लागला. दुसरं दार फुटलं होतं! ती तिथंच मातीत पडून एकटीच हसली.

आता राहिली रुंदी. नियम म्हणजे नियम. तिनं खोलीची भिंत कोरून पुढचं दार उकरून उकरून काट्याएवढं रुंद केलं. मागचं उद्या करू म्हणाली आणि किडे शोधायला गेली. परत येते तो काय! पुढच्या दारापाशी एक झुपकेदार शेपूट हलत होतं. मुंगूस! आजवर त्याचं नाकसुद्धा जे दार आत घेत नव्हतं, त्या दारातून तो आता खांद्यापर्यंत आत शिरला होता. चिचुंद्रीचे पाय थांबले नाहीत. ती ऐनाला वळसा घालून मागच्या दारानं आत घुसली. पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसली होती. "धरा!" ती ओरडली. माळ लागली, आणि मागच्या दारातून सुर्रकन बाहेर पडली. मुंगसानं त्या दारापर्यंत डोकं रेटलं, पण अरुंद दारानं त्याला पुढं येऊ दिलं नाही. बराच वेळ खरडून, शिंकून आणि वैतागून तो निघून गेला.

दुसऱ्या दारानं पिल्लं वाचवली आणि रुंद दारानं ती जवळजवळ गिळली होती. चिचुंद्री त्या दोन दारांकडं आळीपाळीनं बघत राहिली. मग तिनं खडे आणि चिखल आणून पुढचं दार पुन्हा लिंपलं, आपलं अंग जाईल तेवढंच ठेवून.

पळसाखाली फुलांचा सडा पडू लागला तेव्हा काका आले. दोन्ही दारांपुढचं अंगण मोजलं, बरोबर दहा-दहा विती. दुसरं दार पाहिलं, मान हलवली. मग काटा दाराला लावला आणि तोंड पाडलं. "पोरी, एवढं केलंस आणि दार पुन्हा अरुंदच?"

"काका, नियमात काटा म्हटलंय की वीत?"

"वीत. पण वीत म्हणजे काटाच. वानरआजोबांच्या पंजाला लावून घेतलाय."

"म्हणजे ती वानरआजोबांची वीत झाली. माझी कुठं झाली?" चिचुंद्री म्हणाली. "सगळे म्हणतात ना, या वीतभर पोटासाठी जिवाला वणवण करावी लागते? हत्तीही तेच म्हणतो, मीही तेच म्हणते. माझं पोट जर वानरआजोबांच्या वितीएवढं असतं, तर घर कशाला बांधलं असतं? मी पोटातच राहायला गेले असते!"

काकांच्या पाठीवरचे काटे खळखळले. ते हसत होते. पण लगेच गंभीर झाले. "बोलतेस लाख. पण नियम सभेचा आहे. मी माझ्या मनानं मोडणार नाही. सभेत चल."

पाणवठ्यावर सभा भरली. चिचुंद्रीनं मुंगसाची हकिकत सांगितली. ती संपते न संपते तोच कोल्हा उभा राहिला. "अहो, एवढासा जीव! तिला कसले नियम लावता? देऊन टाका सूट." कोल्ह्याला वाटलं, एकीला सूट मिळाली की पुढं आपल्यालाही मागता येईल.

"मला सूट नको," चिचुंद्री इतक्या मोठ्यानं म्हणाली की पाण्याकाठची टिटवी उडाली. "माझ्या आईच्या घराला कुणी नियम लावला नव्हता. तिला सगळीच सूट होती. ती गेली." मग ती जरा हळू म्हणाली, "नियम मला पाहिजे. फक्त वीत माझी घ्या. माझा पंजा तांदळाच्या कणीएवढा, त्याला काय पसरणार? आमची वीत मिशांत असते. मिशांची दोन टोकं जिथून जातात, तिथून आमचं अंग जातं."

साळिंदरकाका पुढं आले. "ठीक आहे. दार तुझ्या वितीनं मोजू. मग अंगणही तुझ्याच वितीनं मोजायचं ना? दहा मिशा मोजल्या की संपलं. एवढी पानं ओढायचा त्रास वाचेल तुझा."

काका तिची परीक्षा बघत होते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. कोल्हा तर "हो म्हण, हो म्हण" अशा खुणा करत होता.

"नको काका," चिचुंद्री म्हणाली. "दारातून मला बाहेर पडायचंय, म्हणून दार माझ्या मापाचं. अंगणातून आग येते. मी लहान आहे म्हणून ती लहान होऊन यायची नाही. अंगण तुमच्याच काट्यानं मोजा."

म्हातारा वानर बराच वेळ आपल्या पंजाकडं बघत होता. "खरंय पोरीचं," तो म्हणाला. "सगळ्यांना पळता यावं, एवढंच मला सांगायचं होतं. बोलताना हात पसरला गेला आणि तोंडून वीत निघाली. मग तुम्ही सगळे माझ्या हाताला धरूनच बसलात! साळिंदरा, आता काटा अंगणापुरता ठेव. दार असं तपास, की घरातल्या सगळ्यांना पळवून बघ. लेकराबाळांसकट बाहेर आले तर पास."

लगेच सगळी वरात ऐनाखाली आली आणि चिचुंद्री आत पिल्लांजवळ गेली. काकांनी पुढच्या दाराशी तोंड नेऊन आरोळी ठोकली, "आग!" आतून चिचुंद्रीचं "धरा!" ऐकू आलं. मागच्या दारातून ती बाहेर पडली, मागं एक पिल्लू, दुसरं, तिसरं... आणि चौथं आलंच नाही. आतल्या मुळाच्या वळणावर त्याची पकड सुटली होती. ते आत चीं चीं करत बसलं होतं.

"असू दे, असू दे," वानर म्हणाला. "दार तर भरलं मापात. तीन आली, चौथंही येईल रमतगमत."

चिचुंद्रीनं आत जाऊन चौथ्याला आणलं, त्याला चाटलं, आणि काकांसमोर उभी राहिली. "नापास, काका. काटा रोवू नका. हे वळण मोडते, मग या."

पळसावर मोजकी फुलं उरली होती. तिनं पुन्हा माती काढायला घेतली. ते मूळ चांगलं मांडीएवढं जाड, ते काही हटणार नव्हतं, म्हणून तिनं त्याच्या खालून, लांबून, सरळ वाट काढली. मग पिल्लांना पळवलं, पुन्हा पळवलं, कंटाळली तरी पळवलं. "आई, आग कुठंय?" धाकटं विचारी. "नाहीये, म्हणूनच आत्ता पळ," ती म्हणे. काका परत आले तेव्हा "आग!" हा शब्द पुरता व्हायच्या आत चारही पिल्लं अंगणात एकमेकांवर आपटून भांडत होती. काकांनी पाठीवरचा सगळ्यांत देखणा काटा तिच्या दाराशी रोवला. काटा घरापेक्षा उंच होता. पिल्लं दिवसभर त्याच्याभोवती नाचली.

काका मग एकेका घराला पळवून बघत निघाले. कोल्ह्याची पाळी दुसऱ्या दिवशी होती. त्याला रात्रभर झोप लागली नाही. काय सोंग करावं, लंगडावं की आजारी पडावं, याचाच तो विचार करत होता.

पण दुसऱ्या दिवशी काकांच्या आधी आग आली.

सकाळची वेळ. चिचुंद्रीच्या नाकाला धूर लागला आणि तिचं अंग पूर्वीसारखंच लटलटा कापू लागलं. आईच्या दारातली राख तिला दिसली. क्षणभर पाय उचलेनात. मग तिच्याच तोंडून सवयीचा शब्द निघाला, "धरा!" आणि शेपटीला पहिल्या पिल्लाचा चिमटा बसला. पुढच्या दारातून धूर आत येत होता. ती मुळाखालच्या सरळ वाटेनं धावली, मागच्या दारातून बाहेर पडली, अंगणाच्या मधोमध जाऊन थांबली आणि मागं वळून बघितलं. एक, दोन, तीन, चार. चारही होती. तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

पाचोळ्यावरून तडतडत आग आली. अंगणाच्या कडेपर्यंत आली, जळायला पान शोधू लागली, एकही सापडलं नाही, तशी दोन्ही बाजूंनी वळून पुढं निघाली. तेवढ्यात धुरातून काहीतरी ठेचकाळत आलं आणि अंगणात धपकन पडलं. कोल्हा! त्याच्या दारात आग येऊन बसली होती. तो मागच्या फटीत घुसला, तिथं अडला, उलटा फिरला आणि जीव मुठीत धरून ज्वाळांतूनच बाहेर आला होता. मिशा जळाल्या होत्या, पाठ होरपळली होती. त्यानं लांब श्वास घेतला. एरवी ज्या वासानं तो दूर सरके, तो वास त्याला आज धुरापेक्षा किती तरी बरा वाटला. तो अंगाचं वेटोळं करून पडला, तरी तिच्या अंगणात अजून जागा उरली होती.

"चिचुंद्रीबाई," तो खोकत म्हणाला, "मी इथं... जरा..."

"पडा निवांत," चिचुंद्री पिल्लांना पोटाशी घेत म्हणाली. "फक्त शेपटी आत घ्या, कोल्होबा. तिथं अंगण संपतं."

तात्पर्य : नियम तपासणाऱ्यासाठी नव्हे, आपल्याच जिवासाठी पाळावा; तो कशासाठी केला हे ओळखून पाळला, तर लहानशा घराचाही मोठा आधार होतो.